केवळरामचा फिरता पूल

सोमाजीने बंदरावरच्या भावाला दोन पत्रं टाकली, एक तार केली. उत्तर आलं नाही. तेव्हा मनकर्णाबाई म्हणाली, "भाऊजी, आता मीच येतो तुमच्यासंग. नाही म्हनाचं असन त माह्या तोंडावर म्हनू द्या त्यायले."

सोमाजी तिचा धाकटा दीर. अड्याळच्या तळ्याखालची धानाची बांधी तोच पाहायचा. थोरला केवळराम, म्हणजे मनकर्णाबाईचा नवरा, एक्काहत्तर साली एका ठेकेदाराबरोबर आंध्रातल्या त्या बंदरावर पुलाच्या कामाला गेला होता. पूल झाला, बाकीचे मजूर परतले, केवळरामला मात्र तिथेच पूल राखायची नोकरी लागली. सुरुवातीला दर दिवाळीला यायचा. मग एक वर्ष आड. शेवटचा आला तो सहा वर्षांपूर्वी, आई वारली तेव्हा. तेराव्याचं जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी निघून गेला.

आता त्र्याऐंशीचा फाल्गुन होता आणि केवळरामच्या मुलीचं, चंद्रकलाचं, लग्न जमलं होतं. मुलगा मोहाडीचा. साक्षगंधाच्या दिवशी मुलाच्या वडिलांनी, परसरामजींनी, चहा पिता पिता विचारलं होतं, "पोरीचे वडील दिसून नाही राहिले?" सोमाजीने सांगितलं, सुट्टी मिळाली नाही. लग्नातही तेच सांगता आलं नसतं.

अड्याळहून एसटीने भंडारा, तिथून रेल्वे, रायपूरला गाडी बदलून पुन्हा एक रात्र आणि अर्धा दिवस. डब्यात बसायला जागा नव्हती. मनकर्णाबाई दाराजवळ गाठोड्यावर बसून आली. धान कापून, बांधून, चुरून-मळून कोठीत भरेपर्यंत चार महिने तिची पाठ सरळ झाली नव्हती, आणि आता या प्रवासाने पाय सुजून चपलेत मावेनासे झाले होते.

बंदर फार रंगीत होतं. पिवळी, गुलाबी, पोपटी घरं टेकडीवरून थेट पाण्यापर्यंत उतरत आलेली. होड्यांनाही लाल-निळे पट्टे.

"पाहा वयनी, कशी घरं हायेत! लग्नघरावानी," सोमाजी म्हणाला.

"हो," ती म्हणाली. तिचे डोळे चुरचुरत होते. कुठे सावली आहे का, एवढंच ती पाहत होती.

खाडीच्या एका बाजूला बाजार होता, दुसऱ्या बाजूला मासळीचा धक्का, आणि मधे तो पूल. फक्त पायी चालणाऱ्यांचा. लोखंडाचा सांगाडा, वर लाकडी फळ्या, तीन माणसं शेजारी चालतील एवढा रुंद. मधोमध दगडाचा एक गोल खांब होता, पूल त्याच्यावरच फिरायचा. मोठी बोट आली की घंटा वाजायची, दोन्ही टोकांना साखळी लागायची, आणि चार माणसं दांडे धरून गोल चालायला लागली की सगळा पूल हळूहळू वळून खाडीच्या धारेला समांतर उभा राहायचा. बोटी दोन्ही अंगांनी निघून जायच्या.

खांबाच्या वर, पुलाच्या मध्यावर, पत्र्याची खोली होती. केवळराम तिच्या दारात वंगणाचे हात पुसत उभा होता. केस पांढरे झाले होते. त्याला आधी सोमाजी दिसला. मग मागे ती.

"तू?" तो म्हणाला.

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. तेवढ्यात समुद्राकडून भोंगा वाजला.

"थांबा. बोट आली," केवळराम म्हणाला आणि घंटेकडे धावला.

पायांखालचा पूल सरकायला लागला तशी मनकर्णाबाईने कठडा धरला. बाजार एका बाजूला गेला, धक्का दुसऱ्या. थोड्या वेळाने पूल थांबला तेव्हा चारी बाजूंना पाणी होतं, आणि कुणालाही कुठे जाता येत नव्हतं. दांडे ओढणारी माणसं दूर टोकाला जाऊन विड्या ओढत बसली. मनकर्णाबाई फळ्यांवर पाय पसरून बसली.

"चंद्रकलाचं लगन जमलं," ती म्हणाली. "मोहाडीच्या पोरासंग."

"हो. पत्र भेटलं."

"भेटलं?" सोमाजीचा आवाज चढला. "मंग उत्तर काहून नाही देल्लं, दादा? तार बी भेटली असन!"

केवळराम बोटीकडे पाहत राहिला. "काय लिहू, समजूनच नाही राहिलं," तो म्हणाला. "सुट्टीचं म्हनशीन त..."

"सुट्टीचं मले नका सांगू," मनकर्णाबाई म्हणाली. "येता का नाही, तेवढं सांगा."

एकामागून एक तीन बोटी गेल्या. मग केवळरामने हात केला, माणसं उठली, पूल पुन्हा वळून दोन्ही काठांना लागला. साखळी निघताच बाजाराकडून लोक चालत यायला लागले. त्यांच्यात एक सावळी, सडपातळ बाई होती, हातात जेवणाचा डबा. तिच्यापुढे पाच-सहा वर्षांची एक पोर पळत आली आणि "नान्ना, नान्ना" म्हणत तिने केवळरामच्या पायांना मिठी मारली.

ती भाषा मनकर्णाबाईला येत नव्हती. पण मिठी समजली. तिकडे त्या बाईलाही समजलं. तिने मनकर्णाबाईच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं, सुजलेले पाय पाहिले, डबा खाली ठेवला आणि खोलीतल्या माठातून गडवाभर पाणी आणून तिच्यापुढे धरलं.

"दादा, हे काय होय?" सोमाजी ओरडला. येणारे-जाणारे थांबून पाहायला लागले.

"भाऊजी, बसा," मनकर्णाबाई म्हणाली. "ओरडून का होते?"

ती पाणी प्यायली. आपल्याला राग यायला हवा, असं तिला वाटत होतं. पण आतून नुसती झोप येत होती. हे काही अगदीच अनपेक्षित नव्हतं. दिवाळी चुकायला लागली तेव्हाच मनात येऊन गेलं होतं. पण तेव्हा धानाची कापणी होती, मग सासूचं आजारपण, मग आणखी काही. तो विचार पुरा करायला वेळच मिळाला नव्हता.

"केवढी हाये ही?" तिने विचारलं.

"साडेपाच," केवळराम खाली पाहत म्हणाला.

म्हणजे आईच्या तेराव्याला तो मुंडण करून ओसरीवर बसला होता, तेव्हा ही पोर पोटात होती. मनकर्णाबाईने गडवा परत दिला.

"आयका," ती म्हणाली. "कन्यादान सोमाजी भाऊजी अन् जाऊबाई करतीन. तुमी येनार असान त पावन्यासारखे या. नाही आले तरी चालन. मोहाडीवाल्यायले मी खरं सांगून टाकतो."

"खरं?" केवळराम घाबरला. "अन् लगन मोडलं त?"

"मोडू द्या. पोरीले तिच्या सासरी कोनाच्या तोंडून समजलं त जास्त वाईट. अन् मले आता रोज नवीन काही सांगाची ताकद नाही."

पुन्हा भोंगा वाजला. "उतरा लवकर," केवळराम म्हणाला. "नाही त अर्धा घंटा अटकान."

ती दोघं बाजाराच्या बाजूला उतरली. ती बाई साखळीपर्यंत मागे आली. डब्यातला भात तिने केळीच्या पानात बांधला होता; तो तिने न बोलता मनकर्णाबाईच्या गाठोड्यात खोचला. मनकर्णाबाईने नको म्हटलं नाही. स्टेशनवर दोघांनी तो खाल्ला. भातात चिंच होती.

गावी येऊन आठ दिवसांनी मनकर्णाबाई सोमाजीबरोबर मोहाडीला गेली आणि परसरामजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दोन दिवस द्या." ते दोन दिवस मनकर्णाबाईने कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी आठवडी बाजाराला आलेल्या माणसाबरोबर निरोप आला, तारीख तीच ठेवा. चंद्रकलाच्या सासूने पुढे ही गोष्ट अधूनमधून बोलून दाखवली, पण येणंजाणं बंद झालं नाही.

लग्नाच्या सकाळी केवळराम आला, एकटाच. मागच्या रांगेत पाहुण्यांमध्ये बसला. सोमाजी आणि त्याच्या बायकोने कन्यादान केलं. कुणीतरी सांगितलं म्हणून चंद्रकला त्याच्या पाया पडली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. पंगतीत जेवून तो चारच्या गाडीने निघाला. जाताना त्याने मनकर्णाबाई कुठे आहे म्हणून विचारलं.

ती भांड्यांच्या खोलीत तांदळाच्या पोत्याला टेकून झोपली होती. चार दिवसांत पहिल्यांदाच तिचा डोळा लागला होता. सोमाजी दारात उभा राहिला. "झोपू दे तिले," तो भावाला म्हणाला.