मिठाचा बर्फ

इसवी सन २०२५ च्या एप्रिल महिन्यातील तिसऱ्या रविवारी, भर दुपारी, बारामती शहरात, भिगवण रस्त्यालगतच्या एका दुमजली अस्थिरोग रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात, डॉ. महिपती देवकाते यांनी कुल्फीच्या डब्यातून एक प्लॅस्टिकची पिशवी बाहेर काढली. पिशवीला घट्ट गाठ होती. आत ओल्या पांढऱ्या कापडाची घडी होती आणि त्या घडीत इंदापूरच्या शबीना मुलाणीच्या उजव्या हाताचा अंगठा होता. डॉक्टरांनी गाठ सोडली, घडी उलगडली आणि अंगठा स्टीलच्या तबकात ठेवला.

टक् असा आवाज झाला.

मांसाचा असा आवाज होत नाही. डॉक्टरांनी अंगठा पुन्हा उचलला, चिमटीत दाबून पाहिला. तो दगडासारखा कडक होता. मग त्यांनी हातमोजा काढला, डब्यातल्या बर्फाच्या पाण्यात करंगळी बुडवली आणि जिभेला लावली. समोर उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञ राजलक्ष्मी मॅडम पाहतच राहिल्या.

"सर, हे काय?"

"मीठ," डॉक्टर म्हणाले.

हा एक शब्द उच्चारताना त्यांच्या मनात काय झाले असेल, हे कळण्यासाठी त्यांचे पूर्वायुष्य थोडे सांगणे भाग आहे. महिपती देवकाते मूळचे पणदऱ्याचे. घरात चार म्हशी, थोडा ऊस, आणि डॉक्टर होणारा मुलगा हा पहिलाच. अस्थिरोगाच्या पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे त्यांनी इतरांसारखीच काढली: प्लास्टर भिजवणे, मांडीला वजने लटकावणे, वरिष्ठांच्या शिव्या खाणे. पण त्यानंतर त्यांचे सहाध्यायी गुडघे बदलायला शिकण्यासाठी गेले, तेव्हा हे एकटे कोइमतूरला हाताची शस्त्रक्रिया शिकायला गेले. तिथे वर्षभर सूक्ष्मदर्शकाखाली कोंबडीच्या मांडीतल्या रक्तवाहिन्या जोडल्या. केसाहून बारीक धागा ओढताना श्वास रोखायचा, आणि टाका बसल्यावर सोडायचा, ही सवय तिथेच लागली. ती इतकी अंगवळणी पडली की पुढे ते घरी सुईत दोरा ओवतानाही श्वास रोखू लागले आणि त्यांची पत्नी हसू लागली.

त्यांचा संशोधनाचा विषय त्यांच्या मातीतला होता. उन्हाळा लागला की बारामती-इंदापूर भागात रस्तोरस्ती रसवंत्या लागतात. ऊस चरकात सरकवताना हात आत जातो, किंवा ऊस सोलताना कोयता निसटतो. या हातांवर त्यांनी निबंध लिहिला आणि एका परिषदेत वाचला. जेवणानंतरच्या सत्रात, जेव्हा सभागृहात श्रोत्यांपेक्षा खुर्च्या पुसणारे जास्त होते. बाहेर चहा घेताना एक जुना मित्र त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, "महिपत्या, लेका, गुडघे कर. म्हातारी माणसं संपायची नाहीत. तुझी बोटं कोण विचारतो?"

मित्राचे म्हणणे खरे ठरले. रुग्णालय गुडघ्यांवर आणि खुब्यांवर चालले. हात यायचे, पण चरकातून निघालेले, चिपाडासारखे. जोडण्याजोगे त्यात काही उरलेले नसे. कोयत्याचे स्वच्छ घाव यायचे ते उशिरा. तुटलेला तुकडा कधी हळदीत, कधी दुधात, कधी खिशात, आणि एकदा तर तो शेतातच पुरून माणूस आला होता. सूक्ष्मदर्शकावर बहुतेक वेळ निळे कापड असे. डॉक्टरांनी त्यावर एक तर्कशुद्ध निष्कर्ष काढला: दोष शस्त्रक्रियेचा नाही, वाटेचा आहे. तुकडा नीट आला, तर अंगठा जोडता येतो. तेव्हा वाट शिकवली पाहिजे.

म्हणून दरवर्षी शिमगा झाला की ते इंदापूरला जात आणि रसवंतीवाल्यांना गोळा करीत. हातात सोललेल्या उसाचे बोटाएवढे कांडे घेऊन दाखवीत: "तुकडा चिंधीत. चिंधी पिशवीत. पिशवी बर्फात. बर्फ तुकड्याला लागता कामा नये." माणसे हसत. "डॉक्टर, आमची बोटं तोडायचीच ठरवलीय का तुमी?" एकटा रसूल मुलाणी हसत नसे. त्याची महामार्गाच्या कडेला रसवंती होती, शेजारीच त्याचाच कुल्फीचा गाडा होता. तो सगळ्यांना दरडावून गप्प करी, प्रात्यक्षिक स्वतः करून दाखवी आणि डॉक्टरांना आले-लिंबू जास्त घालून रस पाजी. शिक्षकाला असा एक शिष्य पुरतो.

त्या रविवारी सकाळी रसूलचाच फोन आला. "साहेब, अंगठा तुटला. कोयत्यानं, एका घावात. तुमी शिकवल्यालं तसंच करून आणतोय. निघालोच." आणि हे ऐकताना, कोणाचा अंगठा हे विचारण्याच्या आधी, डॉक्टरांना आनंद झाला. इतक्या वर्षांत प्रथमच स्वच्छ घाव, वेळेत, नीट बांधून येत होता. त्यांनी सूक्ष्मदर्शकावरचे कापड स्वतः काढले. त्यानंतर विचारले, "कोणाचा?"

"शबीनाचा, साहेब. आमच्या पोरीचा."

शबीना ब्लाउज शिवत असे. लग्नसराईत तिच्याकडे इंदापूरच्या अर्ध्या पेठेचे कापड येऊन पडे. सुट्टीच्या गर्दीत बापाला हात द्यावा म्हणून ती ऊस सोलायला बसली होती. उजवा अंगठा गेला तर कात्री गेली, आणि कात्री गेली तर तिचे सगळेच गेले. हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

डॉक्टर तबकाकडे पाठ करून बाहेर आले. रसूल बाकावर बसला होता, सदऱ्यावर रक्त वाळलेले.

"रसूलभाई, डब्यात मीठ कसं?"

रसूलच्या चेहऱ्यावर, अशा वेळीसुद्धा, धड्याची परीक्षा चांगली गेलेल्या मुलाचा भाव आला. "कुल्फीचा डबा हाय न्हवं, साहेब. साध्या बर्फाचं इंदापूर सोडलं की पाणी व्हतं ह्या उन्हात. मिठाचा बर्फ बारामतीपतूर हलत न्हाय. म्हनलं, पोरीचा अंगठा हाय, कमी पडाय नगं. वरनं अजून दोन मुठी टाकलं."

मिठाने बर्फ शून्याच्या कितीतरी खाली जातो. कुल्फी गोठते ती त्यामुळेच. चिंधी, पिशवी, गाठ, सगळे बिनचूक होते. शिकवलेल्यातली एकही पायरी चुकली नव्हती. मीठ नको, ही पायरी शिकवणाऱ्याला सुचलीच नव्हती, कारण शिकवणाऱ्याने जन्मात कधी कुल्फी केली नव्हती.

"बसा तुम्ही," एवढेच डॉक्टर म्हणाले.

आत राजलक्ष्मी मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, गोठलंय ते. शिरांचं आतलं अस्तर फाटलं असणार. जखम बंद करू या."

"असणार म्हणजे आहे असं नाही," डॉक्टर म्हणाले. वाद घालणे हा त्यांचा स्वभाव होता. शिकाऊ असतानाही प्राध्यापकांशी घालत. "हळू उबवू. गोठलेलं बोट जगल्याच्या तुरळक नोंदी आहेत."

"किती तुरळक?"

डॉक्टरांनी अंगठा कोमट सलाइनमध्ये ठेवला.

शबीनाचा फक्त हात बधिर केला होता. हिरव्या कापडापलीकडे ती टक्क जागी होती आणि सगळे ऐकत होती. हाडात तार गेली, स्नायुबंध शिवला गेला. मग सूक्ष्मदर्शक खाली आला आणि खोलीत यंत्रांच्या टिकटिकीखेरीज आवाज उरला नाही.

"साहेब," पडद्याआडून शबीना म्हणाली, "मीठ म्हंजी आमच्या कुल्फीचं का?"

राजलक्ष्मी मॅडम तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "तू बोलू नकोस, बाळ."

"न्हाय, मला वाटलं, अंगठा लागल्यावर उन्हाळ्यात बरं. गारेगार राहील." ती एकटीच हसली. 

डॉक्टरांनी श्वास रोखला आणि शेवटचा टाका घातला. शीर जुळली होती. त्यांच्या हातून इतकी सुबक जोडणी क्वचितच झाली असेल. कोइमतूरच्या गुरूंनीही मान डोलावली असती. त्यांनी शिरेवरचा चिमटा सोडला. पांढराफटक अंगठा मुळापासून वर गुलाबी होत गेला, जसा दिवेलागणीला एखादा दिवा हळूहळू पेटावा. राजलक्ष्मी मॅडमच्या तोंडून "अरे!" निघाले.  डॉक्टरांनी अजून श्वास सोडला नव्हता.

गुलाबी रंग नखापर्यंत पोहोचला, तिथे थांबला आणि निळसर झाला. मग तोही गेला. शिरेत गुठळी झाली होती. त्यांनी जोड उसवला, गुठळी काढली, त्याच हाताच्या मनगटातून शिरेचा तुकडा घेऊन पुन्हा जोडला. पुन्हा गुलाबी, पुन्हा निळा, पुन्हा पांढरा. तिसऱ्या वेळी तर तो गुलाबीही झाला नाही. डॉक्टरांचे हात अजून स्थिर होते. हातांचा काही दोष नव्हता, आणि हेच त्यांना सर्वांत असह्य वाटले.

"सर," मॅडम म्हणाल्या.

"हो," डॉक्टर म्हणाले. "काढू या."

जखम बंद करताना ते पडद्यापलीकडे झुकून म्हणाले, "शबीना, नाही जमलं. नंतर पुण्याला दाखवू. पायाचं बोट काढून अंगठ्याच्या जागी लावतात."

"हाताचं झालं, आता पायबी तोडता व्हय? मशीन पायानं चालवायची असती, साहेब." ती छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "येक करा. अब्बाला मिठाचं सांगू नका."

"का?"

"त्यांनी वाटंत डबा मांडीवर घट्ट धरला हुता. मला म्हनत हुते, भिऊ नगं, मी हाय. सांगितलं तर ते परत गाड्यावर उभे ऱ्हायचे न्हाईत. माझं गेलं ते गेलं. त्यांचं कशाला?"

"नाही सांगणार," डॉक्टर म्हणाले. 

बाहेर उन्हे कलली होती. रसूल उठून उभा राहिला. रिकामा कुल्फीचा डबा रुग्णालयातल्या मावशींनी धुऊन त्याला परत दिला होता. तो त्याने छातीशी धरला होता.

"शिरा जोडल्या, रसूलभाई. तीनदा जोडल्या. रक्त टिकलं नाही."

रसूल खाली बसला.  मग त्याने विचारले, "बर्फ कमी पडला का, साहेब?"

"नाही."

"गाठ सैल हुती?"

"नाही. गाठ चांगली होती."

"मग आमच्याकडनं काय चुकलं न्हाय."

 रसूलने दोन्ही हातांनी तोंड पुसले. त्या दुःखातही त्याला कुठेतरी टेकायला जागा मिळाली, हे स्पष्ट दिसले. डॉक्टर वळले आणि जिन्याकडे निघाले. दोन पायऱ्या चढतात न चढतात तोच रसूलचा फोन वाजला.

"व्हय, हिंदुराव. न्हाय लागला." मागे रसूल बोलत होता. हिंदुराव म्हणजे त्याच महामार्गावरचा दुसरा रसवंतीवाला, शिमग्याच्या वर्गातला दरवर्षीचा श्रोता. "नशीब म्हनायचं. साहेबांनी लय हातपाय मारले. आपल्याकडनं कसूर न्हाय, साहेब सोता म्हनले. तुमी बी येक करा, गाड्यावर मिठाचा बर्फ ठिवत जावा. साध्याचा काय भरवसा न्हाय, वाटंतच पाणी हुतं. सगळ्यांना सांगा. मिठाचा बर्फ, आन् मीठ सढळ टाका…"

डॉक्टर जिन्यातच थांबले. एका बापाला वाचवायचे, तर पुढचा प्रत्येक अंगठा कुल्फी होऊन येणार होता. ज्या वाटेसाठी त्यांनी इतकी वर्षे उसाची कांडी चिंध्यांत गुंडाळली, ती वाट आज त्यांचा सर्वांत चांगला शिष्य त्यांच्याच नावावर बंद करीत होता. शबीनाला दिलेला शब्द अजून कानात ताजा होता. आयुष्यभर दोन्ही बाजू मांडून निर्णय करणाऱ्या त्या माणसाला या वादात कोणतीही बाजू सोडवत नव्हती, आणि तरीही त्याचे पाय पायऱ्या उतरू लागले होते.

ते रसूलसमोर येऊन बाकावर बसले. त्याच्या फोनवर त्यांनी तळहात ठेवला.

"रसूलभाई, मीठ सांगू नका."

"का, साहेब?"

"मिठानं बर्फ फार गार होतो. अंगठा गार ठेवायचा होता, गोठवायचा नव्हता. गोठला की आतनं फाटतो." मग ते म्हणाले, "हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे."

शेवटचे वाक्य रसूलने ऐकले की नाही, कळायला मार्ग नव्हता. फोनमधून हिंदुरावांचा आवाज येत होता, "हॅलो? रसूलभाई? हॅलो?" रसूलने फोन मांडीवर पालथा घातला. कुल्फीच्या डब्याचे झाकण त्याने उघडले. आतल्या कडेला, मावशींच्या हातून राहिलेली, मिठाची पांढरी रेघ वाळून बसली होती. तो ती नखाने खरवडू लागला. आतल्या दाराशी शबीनाला चाकांच्या खाटेवरून आणले जात होते. हाताच्या जागी पांढऱ्या बँडेजचा गोळा होता. तिने आधी बापाकडे पाहिले, मग डॉक्टरांकडे, आणि मान फिरवली.

डॉक्टरांजवळ अजून पुष्कळ सांगण्यासारखे होते. शिकवणाऱ्याची जबाबदारी, ऊन, अंतर, अज्ञान, सगळे मुद्दे ओळीने तयार होते. त्यांनी तोंड उघडले.

"ऱ्हाऊ द्या, साहेब," रसूल म्हणाला. "कोयत्यानं तुटला हुता, त्यो जोडता आला आसता. अंगठा म्याच घालवला."