नऊशे नव्याण्णव

माघी गणेश जयंतीपर्यंत गणपतीच्या स्तोत्राची हजार आवर्तनं करायची, असा संकल्प आम्ही अकरा घरांनी सोडला. घरं ओमानभर विखुरलेली. आम्ही निझव्यात, कोणी रुस्ताकला, मनाली इब्रीला. रोज एकत्र बसणं जमणार नव्हतं, म्हणून आकडा सगळ्यांना एका जागी दिसावा यासाठी मी वेबपेज करायला घेतलं. मनालीनं फोनवर शिकवलं. लिहायचं काहीच नव्हतं. बाजूला तयार तुकडे मांडलेले असतात, त्यांना विजेट म्हणतात. हवं ते माऊसनं ओढून पानावर सोडायचं. जेवणाचं पान वाढायची सवय असल्यामुळे मला ते लगेच जमलं. डावीकडे गणपतीचा फोटो, उजवीकडे तिथी, मधोमध 'आवर्तन झाले' असं बटण, त्याखाली आकड्याचा काउंटर. वरून जास्वंदीच्या पाकळ्या पडण्याचं एक विजेट होतं, तेही टाकलं.

आकडा भराभर वाढू लागला. मी ग्रुपवर सगळ्यांचं कौतुक केलं, मनातून मात्र खजील झाले. सोमवार, संकष्टी, रोजचे नेम सांभाळून माझी दिवसाला तीन आवर्तनं होत होती. ही नोकरी करणारी माणसं बहुधा ऑफिसातही म्हणत असावीत.

सूकमधले, म्हणजे इथल्या बाजारातले, आमचे किराणावाले हुसैनमियाँ रत्नागिरीकडचे. उद्यापनाचे नारळ त्यांच्याकडूनच येणार होते. कधी पाठवायचे ते कळावं म्हणून त्यांनाही पेज दिलं होतं.

जयंतीला नऊ दिवस उरले असताना सकाळी पाहिलं तर नऊशे सत्त्याण्णव. शेवटची तीन आपण करावीत म्हणून स्नान करून, समई लावून बसले. मधल्या वेळात कोणी म्हटलं असेल तर, म्हणून पुन्हा पेज उघडलं. नऊशे अठ्ठ्याण्णव. चष्मा आणायला उठले, परत येऊन उघडलं. नऊशे नव्याण्णव. बटणाला मी हातही लावला नव्हता. मग चार वेळा दाबून पाहिलं. आकडा ढिम्म.

तेव्हा उमगलं. काउंटर पेज किती वेळा उघडलं तेवढंच मोजत होता. बटण मी त्याच्याशेजारी नुसतं वाढलं होतं, मिठाशेजारी लिंबाची फोड वाढावी तसं.

आता आणखी एकदा कोणी उघडलं की न म्हटलेली आवर्तनं देवापुढे हजार म्हणून उभी राहणार होती. ग्रुपवर सांगावं म्हणून फोन हातात घेते तोच तो वाजला.

"वहिनी, मुबारक. हजार झाले," हुसैनमियाँ म्हणाले. "पन्नास नारळ काढून ठेवलेत, खलास."

दिवसातून किती वेळा पेज बघता, असं मी विचारलं. गिऱ्हाईक नसलं की बघतो, म्हणाले; पाकळ्या छान पडतात.

ह्यांना सांगितलं, तर हे चहा ढवळत म्हणाले, हजार दिसतायत ना, मग मोजायला कोण बसलंय.

"ज्याच्यासाठी म्हणतोय, त्याला मोजता येतं हो," मी म्हटलं.

ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. आवाज मुळात बारीक, त्यात लाज. मनालीनं लिहिलं, काकू, काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा कुकरच्या शिट्टीवर चढून बोलले, "आकडा खोटा आहे. चूक माझी. खरी किती झाली ती लिहा."

मग मनालीनं लिहिलं, एकोणीस. ती पेज उघडत होती ते लेकीला, लहानग्या पूर्वाला, पाकळ्या दाखवत भरवण्यासाठी. तिच्या कबुलीनं बाकीच्यांना धीर आला. बेरीज भरली तीनशे चार. उरलेल्या नऊ दिवसांत घरटी रोज सात, आणि वर तीन. ती तीन मी मागून घेतली.

पेज उघडलं की आकडा वाढतो, हे हुसैनमियाँना फोनवर सांगून नारळ थांबवले. मग काउंटर काढून टाकला. दिवेलागणीला सगळ्यांना विचारून आकडा मीच हातानं लिहू लागले. पाकळ्या ठेवल्या.

जयंतीच्या सकाळी हुसैनमियाँचा फोन आला.

"पेज मी उघडत नाही हां, वहिनी. उगाच माझ्यामुळे एखादं वाढायचं. किती राहिलेत?"

"तीन."

"मग ठेवतो फोन. तुम्ही बसा."