न्हाणीतला गिअरबॉक्स

अपघातानंतर माझ्या नवऱ्याच्या, बाबारावांच्या, डाव्या पायात जोर राहिला नाही. क्लच दाबता येईना म्हणून जीप विकली, आणि तेव्हापासून ते दुसऱ्याच्या शेजारी बसूनच फिरत. गाडी कोणीही चालवो, यांचा उजवा पाय खाली ब्रेक शोधत राही.

नागपुरात एक जुनी जर्मन गाडी पडून आहे, तिला क्लच दाबावाच लागत नाही, गिअर आपोआप बदलतात, असं कळलं. टोचन करून ती दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी आणली. गिअरबॉक्स गेलेला होता आणि त्याला हात लावायला कोणी मिस्त्री तयार होईना. मी लावला. शिवणयंत्रापासून विहिरीवरच्या मोटरीपर्यंत घरातलं सगळं मीच खोलते. ही जरा मोठी मोटर, अशी मनाची समजूत घातली, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि आतल्या झिजलेल्या प्लेटींच्या जागी नव्या मागवल्या.

या गिअरबॉक्सचं डोकं तेलावर चालतं. आतल्या बारीक झडपा तेलाच्या दाबाने सरकतात. एक तंतू अडकला तरी झडप हलत नाही. आणि आमच्या पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला. शेवटी न्हाणी धुऊन घेतली, नायलॉनची साडी नेसले आणि सगळं सामान तिथं मांडलं. आंघोळी अंगणात गेल्या. नणंद इंदुताई मुक्कामाला होत्या. आडोशामागून तांब्या ओतत म्हणाल्या, "गाडी आत न्हाते अन् माणसं बाहेर. चांगलं हाय."

शेजारच्या चौघांनी गिअरबॉक्स परत चढवला त्या दिवशी बाबारावांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते स्टिअरिंगमागे बसले. गाडी मागे छान गेली. पुढे टाकली तर इंजिन नुसतं ओरडलं. बाबारावांनी काठी मागितली आणि ते उतरले. माझ्याकडे पाहिलं नाही, तेच मला लागलं.

सकाळी गाडीखाली शिरून झडपांचा भाग तेवढा उतरवला. एक झडप अडकली होती. चिमट्याने ओढली तर सोबत पांढरा तंतू आला. तो तळहातावर घेऊन मी त्यांच्यापुढे गेले आणि विचारलं, न्हाणीत कोण गेलतं?

त्यांनी तंतू चिमटीत उचलून उजेडात धरला.

"तू दुपारी झोपली होती," म्हणाले. "मनलं, थोडी मदत करावं. पुसून ठेवले सारे."

"कायनं?"

"कापसानं. पहिल्या वेच्यातला घेतला. सरकी काढून."

घरातला सगळ्यात चांगला कापूस निवडून, एकेक सरकी बोटांनी काढत बसले असतील. रागवायचं ठरवून आले होते, ते राहूनच गेलं. त्यांना न्हाणीत स्टुलावर बसवलं, पुढे डिझेलचं घमेलं ठेवलं. म्हटलं, धुवा, पण पुसायचं नाही. सायकलच्या पंपाने हवा मारून वाळवायचं. प्रत्येक झडप त्यांनी स्वतः बोटाने सरकवून पाहिली, मग माझ्या हातात दिली.

या वेळी गाडी पुढे गेली. फाट्यावरून परत फिरायचं ठरलं होतं. फाटा मागे पडला. मी म्हटलं, अहो, माझ्या साडीला तेल लागलंय.

"बस ना गुमान. दारव्ह्याले जाऊन राह्यलो आपण."

बाजारात त्यांनी मला भाजी आणायला पाठवलं आणि स्वतः स्टिअरिंगमागेच बसून राहिले. परत आले तर खिडकीशी चार माणसं जमलेली. "घरीच खोलला गिअरबॉक्स," बाबाराव सांगत होते, "आम्ही दोघांनी." एकाने गिअर कसे बदलतात ते विचारलं, तसे ते आणखी रंगात आले.

पिशवीत कोथिंबीर होती. तरी मी पुन्हा कोथिंबीर घ्यायला गेले.