डबीवरचे नारळाचे पान

मित्रांनो, जरा डोळे मिटा. तळहातावर कवचासकट एक जायफळ आहे अशी कल्पना करा. कानाशी नेऊन हलवा. खुळखुळले? मग ते नीट वाळले. इंडोनेशियातल्या आमच्या अंबोन बेटावर हे पोरासोरांनाही कळते. पण समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाला तो खुळखुळाट कसा ऐकू जाणार? त्यासाठी मी आहे.

मी एक जुने, शंभर ग्रॅमचे वजन आहे. बंदराजवळच्या प्रयोगशाळेत, मखमली डबीत राहतो. पोलाद घासूनपुसून मला घडवले आणि माझ्याहून खात्रीच्या एका वजनासमोर उभे केले. आजही दर काही वर्षांनी मला ती परीक्षा द्यावी लागते. मला चिमट्यानेच उचलतात. बोटाचा घाम लागला तरी माझा खरेपणा बिघडतो. फ्रान्सिना, जिला सगळे उसी म्हणजे ताई म्हणतात, रोज आधी मला तराजूवर ठेवते. तराजू खरे बोलतो असे दिसले, की मगच जायफळातला ओलावा मोजते.

एवढे असून एका वर्षी आमचा अपमान झाला. दोर्चेबाईंची जायफळे आम्ही तपासली होती. कोरडी, उत्तम. पण परक्या बंदरावर लोक म्हणाले, "ही प्रयोगशाळा आम्ही ओळखत नाही." नव्या तपासणीसाठी पोती तिथे पडून राहिली, दमट हवेत त्यांना बुरशी लागली आणि ती परत आली. दोर्चेबाईंनी वर्षाची मेहनत समुद्रात ओतली. त्यांची मुलगी सेल्फिना पोत्याचे दुसरे टोक धरून उभी होती.

पुढच्या हंगामात मायलेकी पुन्हा आल्या.

"या वेळी आमचीच तपासणी आहे, नोना," फ्रान्सिना सेल्फिनाला म्हणाली; लहान मुलीला आमच्याकडे नोना म्हणतात. "जाकार्ताहून साहेब येणार. त्यांनी मान्यता दिली, की आपला कागद तिकडेही चालेल. त्यांचा आणि तिकडच्यांचा तसा करार आहे."

"म्हणजे भाऊगावासारखं?" सेल्फिनाने विचारले. आमच्याकडे दोन गावे पिढ्यान्पिढ्या एकमेकांना भाऊ मानतात.

"तसंच. भाऊगावचा पाहुणा आला, तर त्याची पिशवी कोण तपासतं?"

"आमचे आजोबा. खाऊ आहे का बघतात."

"तुझ्या आजोबांचं सोड."

साहेब येण्याच्या आदल्या संध्याकाळी सेल्फिनाने माझ्या डबीला नारळाचे कोवळे पान बांधले. ही आमची सासी. झाडाला असे पान बांधले, की हंगाम येईपर्यंत त्याचे फळ कोणी तोडत नाही. कुलूप लागत नाही. मला कोणी शिवू नये, एवढेच तिच्या मनात होते.

सकाळी साहेब म्हणाले, "वजन दाखवा."

फ्रान्सिनाचा हात डबीशी थांबला. "सासी आहे, साहेब."

"मग सोडा."

"ज्यानं बांधली त्यानंच सोडायची."

"दुपारी माझं विमान आहे, बाई. वजन न बघता मी सही करणार नाही."

"सही तर हवीच आहे. पण पान मी तोडणार नाही."

डबीत मला सगळे ऐकू येत होते. सही झाली नाही, तर दोर्चेबाईंची पोती पुन्हा परक्या बंदरावर कुजणार होती. शेवटी सेल्फिनाला शाळेतून बोलावले.

साहेब तिच्यासमोर उकिडवे बसले. "तुझ्या पानाला मी हात लावला नाही. पण गावात सासी लावल्यावर बागेत फेरी मारायला कोणी जातं की नाही?"

"राखणदार जातात."

"बाग त्यांच्या मालकीची असते?"

"नाही. म्हणून तर सगळे त्यांचं ऐकतात."

"मी तसाच एक राखणदार आहे."

मित्रांनो, त्या हंगामात दोर्चेबाईंची जायफळे आमच्या कागदावर समुद्रापार गेली आणि नव्या तपासणीसाठी कुठे अडली नाहीत. विश्वासही माझ्यासारखाच जपावा लागतो. जपायचा म्हणजे नुसता झाकून ठेवायचा नाही, वेळोवेळी उघडून दाखवायचाही.

मला मात्र आठवते ती सकाळच. सेल्फिनाने गाठ सोडली, झाकण उघडले आणि मला उचलायला हात पुढे केला. शाळेपूर्वी आईबरोबर जायफळे सोलून तिची बोटे तेलकट झाली होती. तिने बोटांकडे पाहिले, दोन्ही हात पाठीमागे नेले आणि म्हणाली, "उसी, चिमटा दे."