बासष्टवरून खाली

दहा दिवस नवरा माझ्या मागे लागला होता की पळणं बंद कर. आम्ही दोघं हौसेने पळणारी माणसं. बक्षिसं आणणारी नव्हे. रविवारी दहा किलोमीटर पळून सोमवारी जिना उतरताना कण्हणारी. आमच्या ग्रुपमध्ये रोज सकाळी प्रत्येकाने आपला रेस्टिंग हार्ट रेट टाकायचा, म्हणजे शरीर अगदी निवांत असताना मिनिटाला पडणारे ठोके. मनगटावरचं घड्याळ झोपेत ते मोजतं. आकडा जितका कमी तितकी कॉलर ताठ. माझा चार वर्षं बावन्न. तो सत्तावन्न झाला, मग साठ, मग बासष्टवर जाऊन बसला.

"अति करतेयस तू," नवरा म्हणाला. "शरीर थकलं की आकडा चढतो. पंधरा दिवस गप घरी बस."

मी पळणं थांबवलं. थकल्यावर आकडा चढतो हे खरंच, पण तो आणखी एका कारणाने चढतो, ते मला ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं. दीड वर्षात मला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा टिकले नव्हते. दुसऱ्या खेपेनंतर एका दुपारी मी घड्याळाचे जुने आलेख काढून बसले. दोन्ही वेळा चाचणीच्या पट्टीवर रेघा उमटायच्या आधीच आकडा साठीत गेला होता. आणि दोन्ही वेळा, सगळं संपायच्या दोन-तीन दिवस आधी, तो गुपचूप खाली आला होता. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवते. तिथे अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं. आकड्यांशी हुज्जत घालायची मला सवय नाही.

या वेळी मी नवऱ्याला सांगितलंच नाही. हा माणूस हरखतो तो नुसता हरखत नाही. पहिल्या खेपेला त्याने आठवड्यात लहान खोली रंगवायला काढली, बहिणीला फोन केला, वॉचमनलासुद्धा सांगितलं. मग एकेकाला उलटी बातमी देत फिरलो. दोन्ही वेळा त्याचा चेहरा पडताना मीच समोर होते, आणि ते मला पुन्हा बघवणार नव्हतं. सोनोग्राफीत ठोका दिसला की सांगू, असं ठरवून मी दोन रेघांची पट्टी कागदात गुंडाळून कामाच्या पिशवीत ठेवली. रोज उठल्यावर बासष्ट बघायचं आणि दिवसभर मनातल्या मनात हसायचं, एवढंच काम.

सोमवारी सकाळी सत्तावन्न दिसलं.

मी घड्याळाची मागची काच दुकानातल्या फडक्याने पुसली, पट्टा एक भोक आवळला, दुसऱ्या मनगटावर बांधून पाहिलं. गळ्यावर बोटं ठेवून स्वतः मोजले तर अठ्ठ्याऐंशी. पण ते माझ्या भीतीचे ठोके होते, ते काय कामाचे? ग्रुपमध्ये मी बासष्टच टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा आकडा खोटा लिहिला, आणि लिहिताना वाटलं, कदाचित लिहिल्याने होईल.

मंगळवारी पंचावन्न. पुन्हा बासष्ट टाकून मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"घड्याळावरून काही ठरत नसतं," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी या, सोनोग्राफीत बघू. आणि ते काढून ठेवा बरं आधी."

काढलं. अर्ध्या तासात परत घातलं. संध्याकाळी, पट्टी पाहिल्यापासून सोडलेली कॉफी करायला घेतली, काळी, दोन चमचे जास्त टाकून. कॉफीने ठोके वाढतात. कप ओठांपर्यंत नेल्यावर माझं मलाच कळलं की मी आकडा वाचवायला निघालेय, बाळ नाही. कप बेसिनमध्ये ओतला आणि तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. राहा, म्हणाले. माझ्यासारखं हट्टी हो, पण राहा.

बुधवारी त्रेपन्न. त्या दिवशी मी ग्रुपमध्ये काहीच टाकलं नाही.

दुपारी एका म्हातारबाबांची जाड काच घासत असताना पोटात कळ आली. ती ओळखीची होती. मशीन बंद केलं, बाथरूममध्ये गेले, आणि मग घड्याळाची गरज उरली नाही. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, आत्ताच या, नवऱ्याला घेऊन या. मालकांना पोटात दुखतंय एवढंच सांगितलं आणि रिक्षाने घरी आले. नवऱ्याची सुट्टी होती.

तो सोफ्यावर टॅब घेऊन बसला होता. आमच्या दोघांच्या घड्याळांचे आकडे त्यात येतात, एरवी तो उघडून बघत नाही.

"आज ग्रुपवर तुझा आकडा नव्हता म्हणून बघितलं," तो म्हणाला. "अगं, सत्तावन्न, पंचावन्न, त्रेपन्न. आणि तिकडे बासष्ट काय टाकत बसलीस? नजर लागेल म्हणून? माझं ऐकलंस, विश्रांती घेतलीस, बघ कसा खाली आला. रविवारी हळूहळू पाच किलोमीटर जाऊ."

तो इतका खूश होता की मला त्याचा राग आला, आणि लगेच त्याची दयाही आली. मी पिशवी खांद्यावरून न काढताच त्याच्याशेजारी बसले. आधी त्याला चांगली बातमी सांगावी लागणार होती. त्याशिवाय दुसरी त्याला कळलीच नसती.

"गेल्याच्या गेल्या शनिवारी तपासलं," मी म्हणाले. "पट्टीवर दोन रेघा आल्या."

त्याने टॅब बाजूला ठेवला. माझे दोन्ही हात धरले. तोच तो हरखलेला चेहरा, तिसऱ्यांदा. पोटात कळा येत होत्या आणि पुढचं वाक्य तोंडाशी तयार होतं, पण हे सुख मी इतके दिवस एकटीने ठेवून घेतलं होतं. त्याच्या वाट्याला मिनिटभर तरी यायला हवं होतं. मी तेवढं थांबले, आणि मग सांगितलं.