फुली मारलेला पंधरा नंबर

मी पंधरा नंबर बोलतोय. इकडे बघा, गोल फिरणाऱ्या पाळण्यात, गेटाच्या अगदी समोरचा घोडा. नाही हो, तो चकचकीत नाही. तो चौदा. सगळ्यांची नजर आधी त्याच्यावरच जाते, म्हणून तर माझं डोकं फिरतं. तसं ते दिवसभर फिरतच असतं, पण हे फिरणं वेगळं.

आम्ही पंधराही घोडे एकाच साच्यातून निघालो. अंग फायबरचं, आत सगळं पोकळ. रंगवायला पेंटर एकच. चौदाचे डोळे त्याने चहाच्या आधी काढले आणि माझे चहा पिऊन आल्यावर. मधे कोणीतरी त्याला हसवलं असणार, कारण माझा डावा डोळा तिरका आहे, बरोबर चौदाकडे वळलेला. म्हणजे जन्मल्यापासून मला समोर तोच दिसतो. मग मी जळणार नाही तर काय करणार?

रंगात मार खाल्ला म्हणून मी खोड्या शिकलो. माझी दांडी वर गेली की 'कुईं' करते आणि मी एकदम बोटभर खाली आदळतो. पोरं किंचाळतात, आया दचकतात. पाळणा चालू-बंद करतात ते ब्रेकवाले काका. त्यांनी दहा वेळा तेल घातलं. मी तेल पितो आणि दुसऱ्या दिवशी परत कुईं. शिवाय माझ्या खोगिराला एक चीर आहे, तिच्यातून मी वस्तू गिळतो. बटणं, पिना, एकदा एका बाबांची गाडीची किल्ली. ते सगळं कुटुंब बाग बंद होईपर्यंत गवतात शोधत होतं. किल्ली मी शेवटी दिली. इतका पण वाईट नाही मी.

टिकली पहिल्यांदा आली तेव्हा तीन वर्षांची होती. घरचे तिला टिकली म्हणायचे, कारण होतीच तेवढीशी. खरं सांगतो, चौदावर कोणीतरी बसलं होतं म्हणून तिला माझ्यावर बसवलं. मी कुईं केलं. मला वाटलं आता भोकाड पसरेल. तर ही इतकी हसली की तिला उचकी लागली. उतरताना तिची लाल क्लिप मी गिळली.

त्यानंतर दर वाढदिवसाला ती आली आणि दर वेळी माझ्यावर बसली. चौदा रिकामा असला तरी. ती तीन मिनिटं मी चौदाकडे बघायचो आणि तो भलतीकडे बघायचा. वर्षातून तीन मिनिटं, पण मला पुरायची.

आमच्या गेटाजवळच्या खांबावर एक लाल रेघ आहे. डोकं रेघेच्या वर गेलं की घोडा बंद, मग मोठ्या पाळण्यांकडे जायचं. पोरांना मोठं व्हायची घाई असते. मला त्या रेघेची धास्ती वाटायची.

मग तो आजार आला आणि बाग आठ महिने बंद झाली. आमच्यावर ताडपत्री टाकली. बाकीचे घोडे रडकुंडीला आले. मी मात्र मस्त झोपलो. माझ्यावर कोणी नाही तर चौदावर तरी कुठे कोण होतं?

बाग उघडली तेव्हा मॅनेजरसाहेब लांबूनच मास्कमधून ओरडले, एक आड एक घोडा बंद करा. काकांनी चिकटपट्टी घेतली आणि एक नंबरपासून सुरुवात केली. एकवर फुली, दोन मोकळा, तीनवर फुली, चार मोकळा. असं करत करत चौदा मोकळा आणि माझ्या खोगिरावर ही मोठी फुली. आता जरा डोकं चालवा. आम्ही गोलात उभे आहोत. माझ्या पलीकडे कोण? एक नंबर. त्याच्यावर पण फुली. पंधराचं एक आड एक होतच नाही, शेवटी दोघे शेजारी येऊन बसतात. शाळेत न गेलेल्या घोड्याला कळलं, काकांना नाही कळलं.

मग सुरू झाली चौदाची चैन. प्रत्येक फेरीनंतर काका त्याच्यावर फवारा मारायचे आणि फडक्याने पुसायचे. दिवसातून वीस अंघोळी. साहेब झाला होता नुसता, औषधाचा वास मारत फिरायचा. माझ्यावर धूळ बसली. एका कोळ्याने माझ्या कानापासून दांडीपर्यंत जाळं विणलं, आणि फिरताना ते तुटत पण नव्हतं. मी कुईं करायचो, तर ऐकायला कोणी नाही.

अशात एका सकाळी टिकलीचं कुटुंब आलं.

आधी मला ओळखू आलं नाही. पुढे आई, तोंडावर दोन मास्क, पोट पुढे आलेलं, सातवा महिना तरी असेल. हातात बंद छत्री. पाऊस नव्हता, ऊन पण नव्हतं. कोणी जवळ आलं की ती छत्री आडवी धरायची आणि म्हणायची, एवढं अंतर ठेवा. मागे बाबा, दोन खांद्यांवर तीन पिशव्या, घरचं पाणी, घरचं खाणं, घरचा साबण. आणि मधे एक लांबलचक मुलगी. टिकलीचा बांबू झाला होता.

बाबा काकांना सांगत होते की मी तर पुढच्या वर्षी येऊ म्हणत होतो, पण हिनेच ऐकलं नाही. आई म्हणाली, "घरी दाराच्या चौकटीवर मोजून आणलंय. एक बोट बाकी आहे. पुढच्या वर्षी कशी बसेल ती?"

काकांनी टिकलीला खांबाला उभं केलं. केस रेघेला टेकले, डोकं खाली राहिलं. एक बोट. ती धावत माझ्याकडे आली आणि फुली बघून थांबली.

"हा बंद आहे गं बाळा," काका म्हणाले. "चौदावर बस. आत्ताच पुसलाय."

शेवटची फेरी, आणि ती पण चौदाला.

टिकली खाली बघत म्हणाली, "मग मी नाही बसत."

बाबा समजवायला लागले, घोडा तो घोडाच, सगळे सारखेच. आई जवळ आली, माझ्या मानेवरून एक बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत बसली. धूळ. मला लाज वाटली. चौदा चमकत होता.

"ह्याच्यावर कोणी कधीपासून बसलं नाहीये?" तिने विचारलं.

"नऊ महिने झाले ताई. हात पण नाही लावला कोणी."

"आणि त्या चौदावर?"

"आज सकाळपासून अकरा जण."

"मग सगळ्यात स्वच्छ हाच की हो," आई म्हणाली. मग छत्रीचं टोक आधी एक नंबरकडे, नंतर माझ्याकडे. "हे दोघे शेजारी शेजारी, दोन्ही बंद कसे? ह्याची फुली काढून त्या चौदावर लावा. तुमचं अंतर काही बिघडत नाही."

काकांनी बोटांवर मोजलं. परत मोजलं. मग मान खाजवत म्हणाले, "बरोबर आहे ताई. माझंच चुकलं."

त्यांनी पट्टी ओढली. तिच्यासोबत माझा रंग पण निघाला, फुलीच्या आकाराचा. झोंबलं. पण तीच पट्टी चौदाच्या खोगिरावर बसताना बघितली आणि सगळं दुखणं पळालं. आईने तरी मला तीन वेळा पुसलंच. मला पहिल्यांदा अंघोळ मिळाली, ती पण घरच्या साबणाची.

टिकली बसली. पाय खाली लोंबत होते, गुडघे माझ्या कानांना लागत होते. दांडी वर गेली आणि नऊ महिन्यांचं साठवलेलं कुईं मी एकदम सोडलं. मास्कच्या आत तिला उचकी लागली. कुंपणाबाहेर आई एक हात पोटावर ठेवून उभी होती, छत्री खाली टेकवून. त्या दिवशी पहिल्यांदाच टेकवली असेल.

उतरल्यावर टिकलीने मला थोपटलं. मग जाता जाता चौदाच्या फुलीचं एक टोक सुटलं होतं, ते अंगठ्याने दाबून बसवलं. तेवढं पण मला बघवलं नाही.

आता फुल्या गेल्या, मास्क गेले. माझा डाग मात्र राहिला. आयाबाबा लांबून बघतात आणि पोरांना ओढतात, तो नको, बंद दिसतोय. पोरं चौदावर. काका म्हणतात रंगवू. तीन वर्षं रंगवतायत.

गेल्या आठवड्यात टिकली आली. रेघेच्या पार वर गेलीय. सोबत धाकटी बहीण, त्या दिवशी पोटात होती ती. आणि ही बया सरळ पळत जाऊन चौदावर चढली. माझा जीव जळाला. पण लहान पोराजवळ मोठ्याने उभं राहायचं असा नियम आहे. टिकली आमच्या मधे उभी राहिली आणि आधाराला माझा कान धरला. मी जोरात कुईं केलं.

"ताई, हा का ओरडतो?" धाकटीने विचारलं.

"त्याला शेजारचा आवडत नाही," टिकली म्हणाली आणि उचकी लागेपर्यंत हसली.

तर तुम्ही आलात की घाबरू नका. ती फुली नाही, नुसता डाग आहे. बिनधास्त बसा. पडलेली बटणं, पिना मागा, देईन. लाल क्लिप तेवढी मागू नका. ती टिकलीची आहे. चौदाच्या पोटात असली एक पण नाही, मी विचारलंय त्याला.