डाव्या बाजूची पोटली

मी एक जुनी कापडी पोटली आहे. अर्ध्या नारळाएवढी; एका अंगाला फुगीर, दुसऱ्या अंगाला सपाट. माझी जागा ब्लाउजच्या आत, डाव्या बाजूला. तिथे एका बाईचा स्तन होता. त्यात कॅन्सर झाला, म्हणून डॉक्टरांनी तो काढला. मित्रांनो, एवढं वाचून खाली मान घालू नका. आईच्या अंगावर पिऊनच तुम्ही वाढलात, मग यात लाजायचं काय?

माझा जन्म मिरजगावात झाला, अरफाच्या शिलाई मशीनवर. तिच्या दुकानामागे एक खोली आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिथे सहा-सात बायका जमतात. कुणी पंचविशीची, कुणी तिशीची, आणि सगळ्यांना हाच आजार. त्यांना जमवते ज्योती, घरोघरी आरोग्याचं काम करणारी गावची आशाताई. तिचं स्वतःचंही ऑपरेशन झालेलं. गावात कुणी विचारलं, तर बायका सांगतात, शिवणक्लासला जातो.

सुरेखा त्यांच्यातलीच एक. एकोणतीस वर्षांची, ऊसतोडीच्या टोळीत जाणारी. ऑपरेशननंतर ती दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट ओढून बसायची आणि कुणाशी बोलायची नाही. एका अंगाला वजन नसलं की ब्लाउज वर चढतो, खांदा वाकडा होतो. अरफानं ते पाहिलं आणि सुरेखाच्या धाकट्या लेकाच्या दुपट्यातून मला बेतलं. आत भरायला काय? घरात होती ती बाजरी.

इथेच चूक झाली. श्रावणाच्या दमट हवेत माझ्या पोटातल्या बाजरीला सोंडे लागले. पुढच्या बैठकीत ज्योती गोळ्यांच्या वेळा समजावत होती, आणि सुरेखाच्या गळ्याजवळून एक किडा निघाला तो सरळ पदरावरून चालू लागला. सगळ्या बघतच राहिल्या.

"अगं बाई," अरफा म्हणाली, "तुझ्या भाडेकरूला पोरं झाली की!"

"ऊन दाखवलं न्हाईस व्हय गं त्याला?"

"कडुलिंबाचा पाला तरी घालायचास!"

सुरेखा हसली. हसता हसता तिनं छातीवर हात धरला, कारण जखम ओढत होती, तरी तिला थांबता येईना. मग ती तशीच रडायला लागली. कुणी तिला गप्प केलं नाही. अरफानं मला उसवलं, झटकलं, धुतलं, आणि वाळल्यावर माझ्यात मोहरी भरली. मोहरी बारीक, जड, आणि लवकर किडत नाही.

त्यानंतरचे दोन महिने माझे सुखाचे. भावाच्या साखरपुड्यात सुरेखा पोपटी साडी नेसून ताठ उभी राहिली. तिच्याकडे कुणीही वळून पाहिलं नाही. मला मिळालेली शाबासकी म्हणाल तर तेवढीच.

दसऱ्यानंतर टोळी कारखान्याला निघाली. सुरेखाही निघाली, तिच्याबरोबर मीही. मार्गशीर्षात तिची तपासणीची तारीख होती. त्या दिवशी ती उसाच्या फडात होती. घामानं मी भिजायची, रात्री कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, कुडाला वाळत पडायची. हळूहळू तिची पाठ दुखायला लागली. मोळ्या उचलून दुखत असेल, असं सगळे म्हणाले. तीही तेच म्हणाली. कारखाना बंद झाल्यावर नगरला दाखवलं, तेव्हा आजार हाडांत उतरलेला होता. ज्येष्ठात ती गेली. शेवटी शेवटी तिला माझं वजनही सोसत नव्हतं.

मग मी पत्र्याच्या पेटीत पडून राहिले. अंधार होता, आणि दुपट्याला अजून तिच्या घामाचा वास होता. किती दिवस गेले, मला सांगता येणार नाही. एके दिवशी तिच्या सासूनं, झुंबरबाईंनी, पेटी उघडली, मला रुमालात गुंडाळलं आणि त्या खोलीत नेलं.

दाराशी जया बसली होती. चोवीस वर्षांची. मांडीवर अकरा महिन्यांचा करण झोपलेला. तिच्या छातीत गाठ आली, तेव्हा घरच्यांनी दूध साकळलं असं ठरवलं आणि पाच महिने फडकी गरम करून शेकलं. आता औषधांनी ती गाठ लहान झाली होती. सोमवारी ऑपरेशन होतं. आणि जया नुकतीच सांगून चुकली होती, की मी जाणार नाही.

"गाठ बारीक झालीया ताई. मग कशाला कापायचं?"

"बारीक झालीय, गेली नाही," ज्योती म्हणाली. "डॉक्टरांनी म्हणूनच आत्ताची तारीख दिलीय."

तेवढ्यात झुंबरबाई आत आल्या आणि त्यांनी मला सतरंजीवर ठेवलं. "सुरेखाची कापडं समदी जाळली. ह्ये न्हाई जाळू वाटलं. कुनाला उपयोगी पडलं तर बगा."

जयानं माझ्याकडे पाहिलं. तिचा आवाज चढला. "बगा! हिनं घेतलंच हुतं की कापून. गेलीच ना?"

अरफा माझ्या टाक्यांकडे पाहत राहिली. झुंबरबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"कापलं म्हनून न्हाई गेली ती, पोरी. तारीख आली, तवा ती मला म्हनली, आत्या, मी जाऊन येते. मी म्हनले, कारखाना बंद झाल्यावर जा. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, तू गेलीस तर मधीच मोडतो. म्या म्हनले. तिच्या नवऱ्यानं न्हाई, मुकादमानं न्हाई. म्या."

"आजी, तेव्हा गेली असती तरी वाचली असती, असं कुणी सांगू शकत नाही," ज्योती हळूच म्हणाली.

"न्हाई ना सांगता येत? त्येच खातंय मला."

जया रडत नव्हती. बाळाच्या केसांतून बोटं फिरवत होती. ज्योती तिच्याजवळ सरकली. "जया, बरी होशील असं वचन मी देत नाही. माझं मलाच ठाऊक नाही. पण ऑपरेशनच्या टेबलापर्यंत तू एकटी जायची नाहीस."

मग जयानं झुंबरबाईंकडे पाहिलं. "ह्याला कोन धरील? माझी सासू येत न्हाई म्हनती."

"मी धरीन."

"रडतो लई."

"रडू दे."

सोमवारी सकाळी जया आणि झुंबरबाई करणला घेऊन नगरच्या एसटीत बसल्या. मला त्यांनी नेलं नाही. मी अरफाच्या मशीनच्या खणात, रिळांशेजारी.

दीड महिन्यानं जया खोलीत आली. वाळलेली, डोक्याला रुमाल बांधलेला. झुंबरबाईंच्या कडेवर करण होता. अरफानं माझे चार टाके उसवले, दोन मुठी मोहरी काढली, पुन्हा शिवलं. जया सुरेखापेक्षा लहान चणीची आहे. आता मी तिच्याजवळ असते. रात्री ती मला उशाशी ठेवते आणि कधी कधी नुसती मुठीत धरून पडते. तिचं पुढे काय होईल, मला माहीत नाही. ज्योतीलाही नाही.

मित्रांनो, मी कापडाची आहे, मला कुणाचं दुखणं बरं करता येत नाही. तुम्हाला एक करता येईल. तुमच्या आईची दवाखान्याची तारीख असेल आणि ती म्हणाली, पेरणी होऊ दे, पाहुणे जाऊ देत, तुझी परीक्षा होऊ दे, तर ऐकू नका. तिची चप्पल दाराशी आणून ठेवा, आणि धाकट्या भावंडाला स्वतःच्या कडेवर घ्या.